अण्णा जेवले तर

सोमवार, ३ एप्रिल २००६. टौरंगा.

पोचलो एकदाचे. मान आखडलीय. अण्णा सबंध रस्ताभर डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते — झोपले की तोंड उघडं पडतं त्यांचं. बोलायला लागू नये म्हणून मिटलेले डोळे! पेट्रोलला थांबलो तेव्हा अंड्याचं सँडविच घेऊन दिलं. एक घास खाल्ला, उरलेलं कागदात पुन्हा नीट गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तू खा." मी गाडी चालवत होते.

सीझन सुरू. किवीफ्रूटची पॅकहाउसं, फळं निवडून खोक्यांत भरणारी, आता अहोरात्र चालणार, आमच्या कंपनीची ग्रेडिंगची यंत्रं कुठे ना कुठे अडणार, म्हणून ईस्ट टामाकीच्या फॅक्टरीतून दरवर्षी मला दुरुस्तीला इथे आणून बसवतात. यंदा वडिलांसकट. ऑकलंडला, माउंट रॉस्किलच्या घरी त्यांना एकटं ठेवायचं कसं? अनुप ऑफिसात, लेक रिया शाळेत, आणि गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पाय घसरून पडलेच होते. अनुप म्हणाला, "तिकडे तरी तू कुठे लक्ष देणार आहेस?" बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

मोटेल एका कोरियन जोडप्याचं. बाई साठीच्या, ठेंगण्या, गरागरा फिरणाऱ्या. मिसेस चो. नवरा गोल्फच्या बॅगेसकट दिसला आणि गेला. जे लांबच्या मुक्कामाला असतात त्यांच्यासाठी बाई रात्रीचं जेवण बनवतात म्हणे. "यू ईट एव्हरीथिंग?" मी म्हटलं, "नो नो, व्हेजिटेरियन. बोथ."

निघून गेलं तोंडातून! अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.


बुधवार, ५ एप्रिल

दिवसभर एका कॅमेऱ्याच्या मागे. फळं चांगली, कॅमेरा म्हणतो डागाळलेली. फोरमन माझ्या डोक्यावर उभा. "हाऊ मच लाँगर, लव्ह?" लव्ह म्हणे. तुझं नाक दाबते बघ पट्ट्यात.

परत आले तर अण्णांचं ताट तसंच. टोफू, काकडी, पांढरा भात. चोबाईंनी बिचारीने सजवून ठेवलेलं. अण्णा खिडकीपाशी. म्हणाले, "सुची, मला घरी पाठव."

रोजचं हे. आई गेल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, जेवण सुटलंय त्यांचं. मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. घरात हा वाळका माणूस आणि फ्रिजमध्ये शेजाऱ्यांचे डबे. मी एकुलती एक. उचललं आणि आणलं इकडे. तेव्हापासून एकच धोशा — घरी पाठव.

आणि डॉक्टर म्हणतात, या वजनाला एवढा लांबचा विमानप्रवास नको. आधी खाऊ दे, अंगावर थोडं मांस चढू दे, मग बघू. म्हणजे काय? जेवले तर जातील. नाही जेवले तर — ते तर लिहवतही नाही. इकडे आड तिकडे विहीर.


शनिवार, ८ एप्रिल

काय काय करून पाहिलं! खोलीतल्या त्या खेळण्यातल्या शेगडीवर खिचडी. फिश अँड चिप्स — "हे काय, पिठात कापूस घातलाय का?" गावातल्या इंडियन रेस्टॉरंटमधलं बटर चिकन — "गोड आहे." डेअरीतून आणलेलं दही. "आंबट." अहो, दही आंबटच असतं!

ओरडले मी शेवटी. आईवरून बोलले. नको बोलायला होतं. त्यांनी चार घास गिळले माझ्यासमोर, औषध गिळतात तसे. आणि ते बघून मला इतकी लाज वाटली की बाहेर जाऊन गाडीत बसले.

अनुपचा फोन. "त्यांना आवडीचं काहीतरी करून दे ना." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!


मंगळवार, ११ एप्रिल

थोडा दहीभात. बाकी काही नाही. मीही थकले.


बुधवार, १२ एप्रिल

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारीच परत आले, सकाळची पाळी होती. खोलीत अण्णा नाहीत! बाथरूममध्ये नाहीत. चपला नाहीत. रस्त्यापर्यंत धावले. ट्रकवर ट्रक, सगळे बंदराकडे, आणि मला नको नको ते दिसायला लागलं. मागे वळले तर चोबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे. लेंगा, स्वेटर, डोक्याला मफलर. नाक वर.

"सुची, सुकट कोण भाजतंय?"

आणि खरंच! सुकटीचाच वास. तव्यावर कोरडी भाजतात तो. मलाही एकदम डोळ्यांत पाणी आलं, धुराने नव्हे. आत चोबाई मोठ्या कढईत वाळवलेले इवले इवले मासे परतत होत्या. म्योलची म्हणतात त्याला. सुकट नव्हे, पण वास तोच हो, चुलत बहीण म्हणा. नंतर त्यात लाल मिरची, लसूण, थोडी साखर, तीळ.

मला बघून त्या ओशाळल्या. "सॉरी, सॉरी! स्मेल! आय क्लोज द विंडो!" आणि खरोखर खिडकी लावायला धावल्या.

अण्णा एकदम मोठ्याने म्हणाले, "नो, मॅडम! प्लीज डू नॉट क्लोज!"

टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर इतका खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता त्यांचा. चोबाई थबकल्या. मग एका वाटीत थोडे मासे, गरम भात, वर कोबीचं ते लाल लोणचं. किमची. अण्णा तिथेच स्टुलावर बसले आणि खाल्लं. हाताने. सगळं. वाटी निपटून. कपाळाला घाम. "तिखट आहे," म्हणाले, तक्रार नव्हे, बातमी दिली. चोबाई माझ्याकडे बघतायत — व्हेजिटेरियन?

आता काय सांगणार त्यांना! अहो बाई, कोथरूडच्या आमच्या सोसायटीत आई सुकट भाजायची ती सगळ्या खिडक्या लावून, पंखा बंद करून, दाराच्या फटीला ओलं फडकं लावून. वर सगळं झाल्यावर उदबत्ती. वरच्या मजल्यावरच्या बाई तरी विचारायच्याच, "आज काही विशेष?" आम्ही कोण, कुठले, जयभीमवाले, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी वास बाहेर जाऊ द्यायचा नाही. मी शाळेत असल्यापासून डब्याबद्दल विचारलं की "आम्ही व्हेज" म्हणते. इथे मराठी मंडळाच्या पॉटलकला दरवेळी माझी बटाट्याची भाजी. विचारायच्या आधीच तोंडातून निघतं, शिंक येते तसं. एका कोरियन बाईला, जिला या सगळ्याची गंधवार्ता नाही, तिलाही तेच सांगितलं! आणि त्यापायी माझा बाप आठवडाभर टोफू बघत बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मूर्ख आहे मी.


शुक्रवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी. सगळं गाव बंद. काल संध्याकाळीच अनुप आणि रिया आले, लाँग वीकेंड. अण्णांनी बॅगेतून बाबासाहेबांचा फोटो काढला, टीव्हीवर ठेवला, मेणबत्ती लावली. बुद्धवंदना. रियाला तोंडपाठ येते, हे मला माहीत नव्हतं. विचारलं तर, "आजी टॉट मी ऑन द फोन. ड्युह!"

चोबाई चर्चला जाऊन आल्या, काळ्या ड्रेसमध्ये. फोटो बघून विचारलं, "युअर ब्रदर?" अण्णा हसले. हसले! "मॅडम, ही इज अवर फादर." बाईंनी फोटोला कमरेत वाकून नमस्कार केला. मग भाताच्या सुरळ्या आणल्या, किंबाप — समुद्रातल्या शेवाळाचा कागद, त्यात भात, गाजर, अंडं, पिवळा मुळा, आणि मग त्याच्या चकत्या कापलेल्या. जयंतीला असं जेवण मी जन्मात केलं नव्हतं.

रिया: "मम, ग्रँडपाज ईटिंग किमची! स्वीट ॲज!" अनुपने मला बाजूला घेतलं. "अगं, रंग बदललाय त्यांचा." मग म्हणाला, "आता जायचं म्हणतील बघ."

बोलायलाच हवं होतं का ते!


बुधवार, १९ एप्रिल

अण्णा आता चोबाईंच्या गाडीवर असतात. गाडी म्हणजे जुनी कॅराव्हॅन, पॅकहाउसच्या फाटकासमोर जेवणाच्या सुट्टीला उभी राहते. इथे वर्षभराच्या व्हिसावर आलेली कितीतरी कोरियन पोरंपोरी फळं भरायला आहेत, ती तुटून पडतात. आमचे गोरे फोरमन आधी नाकं मुरडायचे, आता रांगेत.

मी यंत्राखालून बाहेर आले, ग्रीसने माखलेली, तर समोर माझे वडील, चोबाईंचा ॲप्रन बांधून, मुळ्याच्या काचऱ्या करतायत. "या मॅडम! काय घेणार?"

तोकबोक्की घेतली. तांदळाच्या पिठाची बोटं, लाल रश्श्यात रटरटणारी. अण्णांनी नावच ठेवलंय — लाल शेंगोळे. "फक्त हुलग्याचं पीठ नाही आणि रस्सा गोडसर. बाकी काय फरक आहे सांग." काही नाही. दुसरं ओमुक: माशाच्या वड्या काडीला लावून उकळत ठेवलेल्या, आणि रस्सा कागदी पेल्यातून प्यायचा, फुकट. तो रस्सा पोटात गेला आणि माझी पाठ जरा सैल झाली. उभ्या उभ्या डोळा लागला असता.

"बस जरा," अण्णा म्हणाले. कुठे बसू? कन्व्हेयर उभा आहे.


रविवार, २३ एप्रिल. रोटोरुआ.

आज सुट्टी. झोपायचं ठरवलं होतं. सकाळी दारावर थाप — चोबाई आणि अण्णा, दोघे तयार. "रोटोरुआ! माय सिस्टर शॉप!" गाडी अर्थात मीच चालवायची. माझ्या झोपेचं कुणाला काय!

गाव गंधकाचं. जमिनीतून वाफा येतात आणि हवेला सडक्या अंड्यांचा वास. अण्णांनी गाडीतून उतरून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "हे गाव चांगलं आहे. इथे कुणाच्या स्वयंपाकाला कोण नाक मुरडणार?"

रस्त्यातच हसत सुटले मी. थांबवेना. मग रडूच आलं, काय झालं कुणास ठाऊक. चोबाई पाठीवर थोपटत, "टायर्ड, टायर्ड." अण्णा रुमाल देऊन दुसरीकडे बघत उभे राहिले.

बहिणीचं दुकान म्हणजे कोरियन टुरिस्टांच्या बसेस थांबतात ती खानावळ. आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण, मातीच्या भांड्यात, टेबलावर आलं तरी उकळतंय. वास उग्र. अण्णांनी भाताबरोबर ओरपलं, मी दोन चमच्यांत हात टेकले. नंतर होत्तोक — कणकेच्या गोळ्यात गूळसाखर आणि दाण्याचा कूट भरून तव्यावर दाबलेली. आईची गुळपोळी जरा जाड झाली की अशीच व्हायची. अण्णांनी एक खाल्ली, दुसरी कागदात गुंडाळली. कुणासाठी विचारलं नाही मी. संध्याकाळी खोलीत बघितलं तर फोटोसमोर ठेवलेली. आईच्या, लग्नातल्या.


मंगळवार, २५ एप्रिल

अँझॅक डे, इथला हुतात्मा दिन. गाव बंद, यंत्रं सुरू. पाय सुजलेत.


रविवार, ३० एप्रिल

ऑकलंडला जाऊन आलो, सामान आणायला. म्हणजे चोबाईंचं सामान, माझी गाडी. रियाला घेतलं. पूल ओलांडून नॉर्थ शोअर. तिथे दुकानांच्या पाट्यासुद्धा कोरियन. मिरचीपुडीची पोती बघून अण्णा हरखले. हातावर घेऊन रंग बघितला, जिभेवर ठेवली. "रंगाला आहे, तिखटाला नाही. ब्याडगी." दुकानदार मान डोलावतोय, त्याला एक अक्षर कळलेलं नाही!

दुकानाच्या मागच्या अंगणात एक जोडपं वाफेच्या भांड्यातून काहीतरी काळं कापून देत होतं. आतड्यात भरलेलं. चोबाईंनी जरा चाचरतच सांगितलं — सुंदे. डुकराचं रक्त आणि शेवया. "यू डोन्ट नीड," मला म्हणाल्या. त्या आता माझ्या तोंडाकडे बघूनच बोलतात.

अण्णांनी विचारलं, "ब्लड?" आणि प्लेट पुढे केली.

मिठाला लावून खाल्लं. सावकाश. मग म्हणाले, "रक्ती. शेवया कशाला घालतात कोण जाणे, पण रक्ती आहे ही." लातूरकडच्या आमच्या गावात, ते लहान असताना, बोकड कापला की वाड्यावरून आमच्या वस्तीत जे यायचं ते हेच. रक्त, आतडी. रक्ताची थिजवून भाजी करायची, कांदा-तिखट घालून. पुण्यात नोकरी लागली, तेव्हापासून नाही. घरात नाव नाही. मी फक्त आत्याकडून ऐकलेलं, तेही कुजबुजत.

माझ्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते आलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "तुला नको तर खाऊ नकोस. पण तोंड वाकडं करू नकोस, बाळ. त्यावर वाढलोय आम्ही."

कानाखाली वाजवल्यासारखं झालं. रियाने माझ्या पुढून हात घालून एक तुकडा उचलला. चावला. "इट्स ओके, ॲक्चुअली. बिट लाइक लिव्हर." अण्णा तिच्याकडे असे बघत होते! मग मीही खाल्ला. आवडला नाही. गिळला.

परतीच्या वाटेवर चोबाईंनी सांगितलं, त्यांच्या आईच्या वेळी युद्ध होतं, खायला काही नव्हतं, काही म्हणजे काही टाकायचे नाहीत. अण्णा म्हणाले, "सेम, मॅडम. सेम. विदाउट वॉर."


गुरुवार, ४ मे

इथल्या डॉक्टरकडे नेलं अण्णांना. बी.पी. छान. वजन छान. "व्हॉट आर यू फीडिंग हिम?" मी म्हटलं, मी नाही. मग विचारलंच, विमानात बसू शकतील? "कान्ट सी व्हाय नॉट."

अण्णा बाहेर बसले होते, मासिकातली ट्रॅक्टरची चित्रं बघत. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "अजून थोडं वाढायला हवं म्हणाले."

सरळ खोटं. धडधडीत.


रविवार, ७ मे

अजून सांगितलेलं नाही. हल्ली ते घरी पाठव म्हणत नाहीत, पण म्हणून काय! कबूल केलेलं मीच होतं — तुम्ही खा, मग मी स्वतः तिकीट काढते. वाट बघत असतील. माणूस शब्दाचा पक्का, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही.

त्या घरात काय करतील एकटे? कुलूप काढतील, खिडक्या उघडतील, आणि मग? पुन्हा डबे. पुन्हा नको. मला दिसतं ते. आणि इथे मी काय देतेय त्यांना? एक मोटेलची खोली, एक सदा चिडलेली मुलगी. तरी नको वाटतं जायला द्यायला. स्वार्थ तर स्वार्थ. आई गेली तेव्हा मी विमानात होते, सीट बेल्ट लावून, ट्रेमध्ये हिंदू मील. यांच्या वेळी तरी मला विमानात असायचं नाहीये.

अनुपला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सुचित्रा, ते काही पार्सल नाहीत गं अडवून ठेवायला. सांगून टाक." यावेळी उंटावरून बोलत नव्हता.


बुधवार, १० मे

सांगितलं. ओमुकचा पेला हातात धरून, कॅराव्हॅनच्या मागे, जिथे ते पातेली धुतात. म्हटलं, अण्णा, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मागच्याच आठवड्यात. मी सांगितलं नाही.

ते पातेलं घासत राहिले. "बरं," म्हणाले.

बरं! एवढंच! रागावले असते तर बरं झालं असतं. "मग तारीख बघू का?" तर, "तुझा सीझन संपू दे. थकलीयस." आणि धुतलेलं पातेलं माझ्या हातात दिलं पुसायला. मी पुसलं, पेला तिथेच राहिला, गार झाला.

आता काय लिहू? कबूल केलं तसं केलं.


शनिवार, १३ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली, करपली थोडी. एजंटला फोन करायचा होता म्हणून तारीख विचारायला स्वयंपाकघरात गेले. अण्णा आणि चोबाई परातीत कोबी मिठात घोळत होते, दोघांचे हात कोपरापर्यंत ओले. खिडक्या सताड उघड्या.

"कसलं तिकीट?" म्हणाले.

अहो, तुमचं! आल्या दिवसापासून घोकताय, घरी पाठव, घरी पाठव!

"अगं, ते मरायला जायचं होतं," अण्णा म्हणाले. "तुझ्या घरात, तुझ्या पोरीच्या देखत नको म्हणून. आता कशाला जाऊ?"

चोबाईंना काही कळलं नाही, त्या आमच्याकडे आळीपाळीने बघतायत.

"बघत काय राहिलीस? ते मीठ दे इकडे."

दिलं.